उजेडाचा हिशेब

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी खजिनदार आहे. हे पद मी मागितलेले नाही. आयुष्यभर एका कारखान्यात हिशेबनिसी केली, या एका गुन्ह्याबद्दल निवृत्तीनंतर सभासदांनी मला ही शिक्षा ठोठावली, आणि शिक्षेची मुदत काही संपत नाही. सर्वांच्या मनात आनंद असतो नेमक्या त्याच वेळी बिल पुढे करावयाचे, हे खजिनदाराचे काम. गेल्या दिवाळीनंतर असेच एक विजेचे बिल माझ्या हाती आले आणि त्याने मला बॅबिलोनपासून स्कॉटलंडपर्यंत नेऊन पुन्हा आमच्याच जिन्याशी आणून सोडले. ती हकिकत वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी दिवाळीत आमच्या इमारतीवर रंगीत दिव्यांची एकच माळ लागत असे. १५ वॅटचे ४० दिवे, मिळून ६०० वॅट. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, असे चार दिवस. हिशेब सोपा : १२ युनिट. पुढे एल.ई.डी.च्या माळा आल्या. चिटणीस म्हणाले, "खजिनदारसाहेब, ही माळ अवघी ६ वॅट खाते. आता बिलाची काळजी सोडा." मी काळजी सोडली.

एकीच्या दोन, दोहोंच्या दहा असे करता करता गेल्या वर्षी माळा ५० झाल्या. त्यांची वीज ३०० वॅट, म्हणजे पहिल्या माळेच्या निम्मीच! पण कमी वीज खाणारा दिवा बंद करण्याची तसदी कोण घेतो? वसुबारसेला लागलेल्या माळा तुळशीच्या लग्नापर्यंत सोळा रात्री, तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत, बारा-बारा तास चालू राहिल्या. मी कागदावर आकडे मांडले. साडेसत्तावन्न युनिट! दिवे काटकसरी झाले आणि खर्च जवळजवळ पाचपट झाला.

माझी नात अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करते आहे. तिने माझा कागद पाहिला आणि ती हसू लागली. म्हणाली, "आजोबा, तुमच्या या बिलाला दीडशे वर्षांपूर्वीच नाव मिळालंय. पण आधी हे वाचा, मग ते." आणि तिने माझ्यापुढे वाचावयास कागदांची एक चळतच ठेवली.

उजेड महाग की स्वस्त?

चळतीतला पहिला निबंध विल्यम नॉर्डहाउस यांचा. येल विद्यापीठातील हे अर्थशास्त्रज्ञ. २०१८ साली पॉल रोमर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते हवामानबदलाची सांगड अर्थव्यवस्थेच्या अभ्यासाशी घातल्याबद्दल. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : उजेड महाग झाला की स्वस्त?

तुम्ही म्हणाल, यात विचारावयाचे ते काय? विजेचे दर पाहावेत म्हणजे झाले. नॉर्डहाउस म्हणतात, इथेच फसगत होते. आपल्याला मेणबत्ती नको असते, तेल नको असते, वीजही नको असते. आपल्याला हवा असतो तो उजेड. महागाईचे निर्देशांक काढणारे मेणबत्तीचा भाव टिपतात, रॉकेलचा टिपतात, विजेचा टिपतात. पण त्यातून पदरी पडलेल्या उजेडाचा भाव कोणी टिपत नाही.

तो टिपण्यासाठी या प्राध्यापकमहाशयांनी रोमन काळातला मातीचा एक दिवा मिळविला, त्यात तिळाचे तेल घातले, वात पेटविली आणि प्रकाशमापक घेऊन ते त्याच्यापुढे बसले. आपल्याकडे तिळाच्या तेलाचा दिवा देवापुढे रोज लागतो, पण तो किती उजेड देतो याचे मोजमाप घ्यावे असे आपल्याला कधी सुचले नाही!

उजेडाचे माप म्हणजे ल्युमेन. एक मेणबत्ती साधारण १२-१३ ल्युमेन उजेड देते. अशा ८० मेणबत्त्या तासभर जळाल्या म्हणजे हजार ल्युमेन-तास झाले. आपला जुना ६० वॅटचा दिवा सव्वा तास लावला तर एवढाच उजेड मिळे. नॉर्डहाउसांनी या उजेडाची किंमत रुपया-डॉलरात मोजली नाही, घामात मोजली. एवढा उजेड विकत घेण्यासाठी मजुराला किती वेळ राबावे लागे?

उत्तर असे : इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास बॅबिलोनमध्ये ४१ तासांहून अधिक. इ. स. १८०० मध्ये इंग्लंडात, चरबीच्या मेणबत्तीच्या काळी, पाच तासांहून थोडे अधिक. आणि १९९२ साली अमेरिकेत, नव्या नळीच्या दिव्याखाली, अर्ध्या सेकंदाहूनही कमी!

आम्ही वयस्क मंडळी बागेत जमलो की स्वस्ताईच्या गोष्टी निघतात. तेव्हा रुपयाला अमुक मिळे, आण्याला तमुक मिळे. त्या सगळ्या खऱ्या आहेत. पण रुपया मिळवायला किती राबावे लागे हे आमच्यापैकी कोणी सांगत नाही. नॉर्डहाउसांचा निष्कर्ष असा, की औद्योगिक युगाच्या आरंभापासूनचा हिशेब केला तर रूढ निर्देशांकांनी दाखविलेला उजेडाचा भाव हा खऱ्या भावाच्या ९०० ते १६०० पट फुगलेला आहे. तंत्रज्ञानाने माणसाच्या पदरात जे टाकले, त्याचा केवढा तरी मोठा भाग हिशेबाच्या वहीत चढलाच नाही. हिशेबनिसाला हे वाक्य लागावयाचेच.

बाटलीवरची चिठ्ठी

वाचता वाचता मला आमच्या घरची रॉकेलची बाटली आठवली. आमचे गाव कोकणात, चिपळूणच्या उत्तरेला. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, प्राथमिक शाळेत मास्तर. घरात एक कंदील आणि दोन चिमण्या. सोमवारच्या बाजारातून रॉकेलची बाटली आली की आई तिच्यावर खळीने कागदाची एक चिठ्ठी चिकटवी. शनिवार उजाडेपर्यंत तेल त्या चिठ्ठीखाली उतरता कामा नये, असा दंडक होता. अण्णांच्या पगारातून त्याहून अधिक तेल येत नसे.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. त्रैराशिक मला शाळेत समजले नाही, ते तिने चुलीपुढे बसून कोळशाने जमिनीवर मांडून समजाविले. पण पाणी, धुणी, भाकऱ्या, धाकट्यांची उस्तवार यांत तिचा दिवस जाई. पुस्तक उघडावयास तिला दिवेलागणीनंतरच सवड मिळे आणि त्या वेळी कंदील माझ्यापुढे असे. माझा अभ्यास आटोपल्यावर ती कंदील स्वतःकडे ओढी, तोच आईची नजर बाटलीकडे जाई. "आता निजा," एवढेच आई म्हणे. तिचा आवाज कधी चढला नाही. १९६१ साली अक्का सातवी झाली आणि तिची शाळा संपली. त्याला इतरही कारणे होती. हायस्कूल लांब होते, आणि मुलीने शिकून करावयाचे काय, असे म्हणणारे जवळच होते. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे ती चिठ्ठीच.

पुढल्याच वर्षी, १९६२ साली, कोयनेची वीज निर्माण होऊ लागली. ती मुंबईकडे नेणारे लोखंडी मनोरे आमच्या डोंगरावरून गेले. वरून मुंबईचा उजेड जाई आणि खाली आम्ही चिठ्ठी राखीत असू. आमच्या घरात दिवा आला तो पुढे कितीतरी वर्षांनी. तोवर अक्का सासरी जाऊन दोन मुलांची आई झाली होती.

म्हणून नॉर्डहाउसांचा आकडा मला नुसता आकडा वाटला नाही. आमच्या घरी उजेडाचे पैसे अण्णा देत होते. किंमत अक्काने दिली.

शंभर भाग कोळसा, दोन भाग उजेड

एवढी महाग वस्तू एवढी स्वस्त झाली कशी? १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियामध्ये ड्रेक याने तेलाची विहीर खोदली आणि देवमाशाच्या तेलाची जागा रॉकेलने घेतली. १८७९ साली एडिसनने कर्बाच्या तंतूचा दिवा पेटविला. त्याचे सुरुवातीचे दिवे एका वॅटमागे तीन ल्युमेनही देत नसत. पुढे टंगस्टनची तार आली आणि हा आकडा १४ च्या आसपास गेला. आमच्या पिढीचा पिवळा दिवा तो हाच. तो खरे म्हणजे लहानशी शेगडीच होता : दिलेल्या विजेचा नऊ-दशांशाहून अधिक भाग तो उष्णतेत घालवी. त्यात कोळशाच्या उष्णतेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वीजकेंद्रातच वाया जातो. म्हणजे खाणीतून शंभर भाग उष्णता काढावी तेव्हा आपल्या पुस्तकावर उजेड पडावयाचा जेमतेम दीड-दोन भागांचा!

एल.ई.डी.ने हे चित्र पालटले. निळा प्रकाश देणारा एल.ई.डी. फार दिवस कोणाला साधत नव्हता, आणि त्यावाचून पांढरा उजेड जमत नव्हता. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांनी तो साधला; त्याबद्दल २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ९ वॅटचा दिवा जुन्या ६० वॅटच्या दिव्याएवढा उजेड देतो. आपल्या देशात २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. सरकारने घाऊक खरेदी केल्यामुळे २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ साली ३८ रुपयांना मिळू लागला.

या दिव्याला तेल लागत नाही म्हणून तो काही हवेतून येत नाही. त्यात गॅलियम नावाची धातू लागते, आणि ती मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम काढताना हाती येते. तिच्या उत्पादनात चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे. २०२३ साली त्या देशाने तिच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा साऱ्या जगाला ही गोष्ट जाणवली. तथापि उजेडाच्या मानाने पृथ्वीच्या पोटातून काढावयाचे द्रव्य पुष्कळच कमी झाले, यात शंका नाही.

मग माझे बिल का वाढले?

जेव्हन्सचा कोळसा

नातीने 'मग ते' म्हणून ठेवलेले पुस्तक १८६५ सालचे. लेखक विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स, वय २९. विषय कोळसा. इंग्लंडचे सारे वैभव त्या वेळी कोळशावर उभे होते आणि जाणते लोक म्हणत, काळजी कशाला? यंत्रे सुधारत आहेत, थोड्या कोळशात अधिक काम होते आहे. कोळसा आपोआप वाचेल. जेव्हन्सने या समजुतीला सुरुंग लावला. तो म्हणाला, काटकसरीने वापरल्यामुळे इंधनाचा एकूण खप घटतो ही समजूत साफ चुकीची. घडते ते नेमके उलट. त्याने स्कॉटलंडमधील लोखंडाच्या भट्ट्यांचा दाखला दिला. भट्टीत गरम हवेचा झोत सोडण्याची युक्ती निघाली आणि टनभर लोखंडाला लागणारा कोळसा पूर्वीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी झाला. पण त्यामुळे लोखंड स्वस्त झाले, त्याला गिऱ्हाईक वाढले, नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि १८३० ते १८६३ या काळात तेथील कोळशाचा एकूण खप दहापट झाला!

हे पुस्तक पार्लमेंटात गाजले. ग्लॅडस्टनसारख्या मंत्र्याने त्याची दखल घेतली. जेव्हन्स मात्र १८८२ साली, उण्यापुऱ्या ४६ व्या वर्षी, समुद्रात पोहताना बुडून मरण पावला. त्याच्याविषयी केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली एक मौजेची गोष्ट सांगितली. कोळशाप्रमाणे कागदाचीही टंचाई होणार अशी जेव्हन्सला भीती वाटे. म्हणून त्याने कागदाचा इतका साठा करून ठेवला की त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे लोटली तरी मुलांना तो संपला नव्हता. जुन्या पिशव्या आणि सुतळ्यांचे गुंडाळे जपून ठेवण्याबद्दल आमच्या घरात माझी जी थट्टा होते, ती मी आता शांतपणे ऐकून घेतो.

त्याची भीती खरी ठरली काय? अर्धी. ब्रिटनमधील कोळशाचे उत्पादन १९१३ साली शिगेला पोचले आणि पुढे उतरत गेले. पण देश उपाशी राहिला नाही. तेल आले, वायू आला, अणुशक्ती आली, वारा आला. कोळशावर चालणारे तेथील शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. जेव्हन्सला एवढे पुढचे दिसले नाही. पण काटकसरीचा जो नियम त्याने सांगितला, तो मात्र पुन्हा पुन्हा प्रत्ययास आला. फूके आणि पिअर्सन या दोन संशोधकांनी २००६ साली ब्रिटनमधील सातशे वर्षांच्या उजेडाचा हिशेब मांडला. १८०० सालच्या मानाने २००० साली उजेडाची किंमत तीन हजारांश भागाहूनही खाली आली होती, आणि दर माणशी उजेडाचा वापर ६,५०० पट वाढला होता. म्हणजे स्वस्ताईच्या दुपटीहून अधिक उधळण. आमची संस्था एकटी नाही!

आणि हे अजून संपलेले नाही. उपग्रहावरून केलेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की २०१२ ते २०१६ या ऐन एल.ई.डी.च्या काळात पृथ्वीवरील रात्री उजळलेला प्रदेश दर वर्षी २.२ टक्क्यांनी वाढत होता. इकडे २०२४-२५ या वर्षात भारताने प्रथमच १०० कोटी टनांहून अधिक कोळसा खाणींतून काढला. ही वाढ काही दिव्यांमुळे झालेली नाही. पंखे, पंप, कारखाने, थंड हवेची यंत्रे असे त्याचे अनेक धनी आहेत. पण वर्धेच्या खोऱ्यातील असो की झारखंडातील असो, प्रत्येक खाणीखाली कोणाची तरी जमीन होती आणि प्रत्येक धुराड्याच्या आसपास कोणी तरी श्वास घेत आहे. आमच्या त्या साडेसत्तावन्न युनिटांचाही एक लहानसा धूर कोठे तरी उठला असणारच.

जिन्यातला दिवा

इथवर वाचून मी मोठ्या उत्साहाने ठरविले, की पुढच्या सभेत दिव्यांवर सरसकट कुऱ्हाड चालवावयाची. तेवढ्यात मला भाऊबीजेची गोष्ट आठवली आणि कुऱ्हाड खाली ठेवावी लागली.

गेल्या भाऊबीजेला अक्का आमच्याकडे आली होती. शहात्तर वर्षांची झाली, पण जिने अजून स्वतः चढते. ओवाळणी, जेवणे झाली. रात्री तिला खाली गाडीपर्यंत पोचवावयास मी निघालो. तळमजल्याच्या जिन्यावर आमच्या वॉचमनची नववीतली मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. त्यांची खोली जिन्याखाली, एवढीशी. धाकटी भावंडे निजल्यावर तिथे दिवा लावता येत नाही. म्हणून ती जिन्यात बसते. वाचता वाचता दर मिनिटाला ती डोक्यावर हात उंच करून हलवीत होती.

अक्का थांबली. "अरे, ही पोर हात का हलवते?"

मी अभिमानाने सांगितले, "अगं, तो दिवा मी बसवून घेतलाय. माणसाची चाहूल लागली की पेटतो, मिनिटभरात आपोआप विझतो. विजेची बचत."

अक्काने वर पाहिले. मग बाहेर, लखलखणाऱ्या इमारतीकडे पाहिले. आणि म्हणाली, "म्हणजे आईच्या चिठ्ठीसारखंच की रे."

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. नॉर्डहाउस आणि जेव्हन्स वाचून झाल्यावर मात्र त्या वाक्याने माझी झोप घालविली. जेव्हन्सच्या नियमावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद आजही चालू आहे. वाचविलेल्यातले किती पुन्हा खर्ची पडते, याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. ज्याची गरज भागलेली आहे, त्याच्या घरी बरीचशी बचत टिकते. ज्याला ती वस्तू मिळतच नव्हती, त्याच्या घरी स्वस्ताईबरोबर खप एकदम उसळतो. वहीत दोन्ही खप एकाच रकान्यात चढतात. पण २०१८ च्या एप्रिलमध्ये मणिपूरमधील लायसांग या खेड्यात वीज पोचली, तेव्हा तिथे पेटलेल्या पहिल्या दिव्याला उधळपट्टी कोण म्हणेल? १९६१ साली आमच्या घरी रॉकेल निम्म्या भावाने मिळते, तर आमचा खप खात्रीने दुप्पट झाला असता. जेव्हन्सने त्याची नोंद घेतली असती, आणि अक्का मॅट्रिक झाली असती.

यंत्र सुधारणे हे शास्त्रज्ञांचे काम. ते त्यांनी चोख केले. वाचलेला उजेड कोठे लावावयाचा, हे मात्र कोणत्याही यंत्राने ठरवून दिलेले नाही. मी आयुष्यभर आकड्यांची बेरीज बरोबर आणली आणि जिन्यातला दिवा विझवून गच्चीवर पन्नास माळा लावू दिल्या. चूक बेरजेत नव्हती, रकान्यात होती.

यंदाच्या सभेत मी दोन ठराव मांडले. पहिला : माळा धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतच, आणि रात्री अकराला बंद. यावर पाऊण तास वाद झाला. शेजारच्या इमारतीपुढे आपण अंधारे दिसू, ही मुख्य अडचण. दुसरा : जिन्यातला एक ९ वॅटचा दिवा संध्याकाळी सात ते अकरा सलग चालू ठेवावा. मी हिशेब वाचून दाखविला : वर्षभराचे १३ युनिट. दोन्ही ठरावांचे मिळून २१ युनिट होतात, गेल्या वर्षीच्या केवळ माळांना साडेसत्तावन्न लागले होते. दुसऱ्या ठरावावर कोणी काही बोलले नाही. चिटणीस हळूच म्हणाले, "हे आधीच का नाही सांगितलंत?"

ती मुलगी आता दहावीत गेली. हात न हलवता वाचते. अक्काला मी फोनवर हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "गणित येतं का रे तिला?"

मी म्हटले, "भाऊबीजेला येशील तेव्हा तूच बघ. जरा लवकर ये."